पदरातल्या गावाच्या वाटा

सवच्या कुंडात पाय सोडले की पहिला चटका सोसवत नाही. थोड्या वेळाने पोटऱ्या सैल होतात आणि मग उठावंसं वाटत नाही. दोन दिवस घाटवाटा चढून-उतरून आलेल्या माणसाला याहून मोठं सुख मला ठाऊक नाही. महाडजवळ सावित्रीच्या काठचं हे गाव ऊन पाण्याच्या झऱ्यांसाठी ओळखलं जातं. पण मला सव आवडतं ते वेगळ्या कारणाने. इथून मान वर केली की आपण कुठून उतरून आलो, त्या डोंगरांची भिंत समोर दिसते.

खाडीतून भरतीचं पाणी महाडपर्यंत चढतं, म्हणजे आपण जवळजवळ समुद्राच्या पातळीवर असतो. याच सावित्रीचा उगम महाबळेश्वरच्या पठारावर, सुमारे चौदाशे मीटर उंचीवर. मधलं अंतर सरळ रेषेत तीस किलोमीटरही भरणार नाही. एवढ्या थोडक्या जागेत एवढी उंची उतरायची, तर वाटेला सरळ येऊन चालत नाही. ती टप्प्याटप्प्याने येते. त्या टप्प्याला आपल्याकडे सुंदर शब्द आहे, पदर. वर घाटमाथा, खाली कोकण आणि मध्ये डोंगराने अंगावर घ्यावा तसा पदर.

हा पदर तयार होतो खडकामुळे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, त्यांचा सह्याद्री झाला. कठीण थराचा कडा तासल्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून आडवा पसरतो. दोन थरांमध्ये बऱ्याचदा तांबड्या भाजक्या मातीची पट्टी असते. वरून मुरलेलं पाणी त्या पट्टीवर अडतं आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. पदरात पाणी आहे, चार शेतं काढण्याइतकी सपाटी आहे, म्हणून पदरात गाव आहे. कडा ओलांडायचा तर खडकाची उभी भेग शोधावी लागते. पावसाने ती कोरून रुंद केली की झाली नाळ. बोराट्याची नाळ, सिंगापूर नाळ ही रायगड आणि लिंगाण्याच्या पाठीमागची नावं डोंगरात फिरणाऱ्यांच्या तोंडी असतात. माणसाने फार थोड्या घाटवाटा ‘बांधल्या’ आहेत. पाण्याने जागा दाखवली, गुरांनी ती तुडवली, मग माणसाने चार दगड लावले.

पदरातलं गाव म्हणजे काय, हे पाहायचं तर कर्णवडीला जावं. पुणे जिल्ह्यातलं केळद माथ्यावर, रानवडी खाली कोकणात आणि कर्णवडी या दोहोंच्या मधोमध. केळदहून उपांड्या घाटाने कर्णवडीत उतरायचं, तिथून रानवडी गाठायची आणि मढे घाटाने पुन्हा केळदला चढायचं, असं हे वर्तुळ आहे. पहाटे निघालं तर संध्याकाळी पुरं होतं. उपांड्याची उतरण झाडीतून वळणं घेत येते. कर्णवडीत पोचल्यावर पाठीमागे कडा आणि पुढ्यात दरी असं दिसतं, की अंगणात उभ्या माणसाला दोन्ही मुलखांची खबर असावी. मढे घाटाची चढण मात्र दमवते. नावाची कथा तिथे सगळेच सांगतात. कोंढाण्यावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह 1670 साली याच वाटेने उमरठला नेला, म्हणून हा मढे घाट. उमरठ पोलादपूर तालुक्यात आहे, तिथे तानाजी आणि शेलारमामांच्या समाध्या आहेत. खांद्यावर ओझं घेऊन तो घाट उतरणं काय असेल, हे नुसती पाण्याची बाटली घेऊन चढतानाच कळतं.

दक्षिणेकडे, पोलादपूरच्या बाजूला, डोंगर जास्त रानटी होतात. धवळे गावातून चंद्रगड बाजूला ठेवत बहिरीची घुमटी, जोरचं पाणी असे टप्पे घेत एक वाट थेट महाबळेश्वरच्या ऑर्थर सीटला लागते. ती एका दिवसाची आहे, पण तो दिवस अख्खा लागतो. वाटेवरच्या या नावांकडे लक्ष द्यावं. एक देवाचं ठाणं, एक पाण्याची जागा. चालणाऱ्याला ज्या दोन गोष्टींचा आधार, त्यांचीच नावं पडली. हा सगळा जावळीच्या मोऱ्यांचा मुलूख. शिवाजी महाराजांनी 1656 मध्ये जावळी घेतली, तेव्हा चंद्रगड आणि कांगोरी स्वराज्यात आले. कांगोरीचा मंगळगड झाला. तीन वर्षांनी अफझलखानाची फौज घाटमाथ्यावरून पार गावात उतरली, आणि प्रतापगडाखाली काय झालं ते शाळकरी पोरालाही पाठ आहे. त्याच पारवरून खाली कोकणात उतरणारा पार घाट हा महाड बंदराचा जुना राजरस्ता. मीठ, सुकी मासळी वर जायची, धान्य आणि गूळ खाली यायचा. इंग्रजांनी महाबळेश्वर वसवल्यावर मुंबईचे साहेब गलबताने सावित्रीच्या खाडीत येत आणि पुढे पालखीतून हाच घाट चढत. पुढे आंबेनळी घाटातून गाडीरस्ता झाला आणि पार घाटावरची वर्दळ ओसरली.

माझं म्हणणं इथेच आहे. वाट जिवंत राहते ती दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी काम असतं म्हणून. बाजार, सोयरीक, देवाची यात्रा, खालच्या गावातली शाळा. डांबरी रस्ता आला, एसटी आली, हे फार चांगलं झालं. बाळंतीण बाईला डोलीत घालून घाट उतरवण्याचे दिवस कुणीही परत मागू नयेत. पण माणसं मुंबईला गेली, गाव शिमग्याला आणि गणपतीला तेवढं भरतं, आणि दोन-तीन पावसाळे पाय पडले नाहीत की कारवी वाट गिळून टाकते. कारवी माणसाच्या डोक्यावर वाढते. तिच्या काठ्यांचे कूड करून घरांच्या भिंती उभ्या केल्या जात, तेव्हा तोडीमुळे वाटा आपोआप मोकळ्या राहत. आता घरं चिऱ्याची आणि सिमेंटची. मोळी नाही, कूड नाही, वाट नाही.

इटलीच्या डोंगरातल्या गावांवर अशीच वेळ आली होती. खेचरांच्या दगडी वाटा होत्या, मग मोटाररस्ते आले आणि तरुण कारखान्यांच्या शहरांकडे गेले. त्यांच्याकडे एक जमेची बाजू होती. तुरिनला 1863 मध्ये स्थापन झालेला इटालियन अल्पाइन क्लब. त्याच्या स्थानिक शाखा वाटा साफ ठेवतात, दगडावर आणि झाडावर तांबडी-पांढरी पट्टी आणि वाटेचा क्रमांक रंगवतात. परका माणूस नकाशा हातात घेऊन गावात येतो, जेवतो, राहतो, पैसे देतो. आपल्याकडे किल्ल्याच्या दगडावर रंग फासावा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण उपांड्याच्या माथ्यावर, नाळेच्या तोंडाशी, जिथे ढोरवाट फुटून माणूस कड्यावर जाऊन अडकतो अशा ठिकाणी, गावाने लावलेली एखादी पाटी का नसावी? ढोरवाटेने आजवर कितीतरी जणांना फसवलं आहे. ती रुंद असते, मळलेली असते आणि चाऱ्यापाशी जाऊन संपते.

तोवर उपाय एकच, वाटाड्या. धवळ्यात, कर्णवडीत वाट जाणणारी माणसं अजून आहेत. बहुतेक साठीच्या पुढची. त्यांच्या दिवसाची मजुरी न घासता द्यावी, त्यांच्याच घरी पिठलं-भाकरी सांगावी आणि बरोबर गावातलं एखादं तरुण पोरही न्यावं, म्हणजे वाट पुढच्या पिढीच्या पायांत उतरेल. रायगडावर रोपवे 1996 मध्ये आला, तरी चौदाशेवर पायऱ्या चढणाऱ्यांमुळे ताकाच्या मडक्याला गिऱ्हाईक आहे. ते भाग्य पदरातल्या गावांना नाही. तिथे आठवड्याला एक तुकडी आली तरी पुष्कळ.

पावसाळ्यात नाळेत उतरू नये. नाळ म्हणजे ओढाच, आणि वर पडलेला पाऊस खाली दगड घेऊन येतो. या डोंगरांनी 2005 च्या जुलैत जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन ही गावं गाडली आणि 22 जुलै 2021 ला तळीये. तळीयेत ऐंशीहून अधिक माणसं गेली. पुरामुळे आणि दरडींमुळे रस्ते बंद होते, मदत पोचायला वेळ लागला. धबधब्यापाशी फोटो काढायला येणाऱ्यांनी ही नावं आठवावीत. दिवाळीनंतर यावं. गवत सोनेरी झालेलं असतं, झऱ्यांना पाणी असतं आणि वाट दिसते.

उतरून सवला पोचेपर्यंत दिवस कलतो. हे पाणी ज्वालामुखीचं नाही. पावसाचं पाणी जमिनीच्या भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. सह्याद्रीच्या पायथ्याने वज्रेश्वरीपासून राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत अशा झऱ्यांची रांगच आहे. कुंडाच्या काठी म्हातारी माणसं गुडघ्यांवर पाणी घेत बसलेली असतात. त्यांच्याशेजारी बूट काढून बसावं. बुटात अडकलेलं कुसळ काढताना लक्षात येतं, ते सकाळी कर्णवडीच्या माळावर लागलं होतं.