वाकडी रेघ कोणाची?

स्वस्तातले बुकशेल्फ स्पीकर आणि इक्वलायझर यांच्याबद्दल दोन ठाम मतं ऐकू येतात. पहिलं असं, की माइक लावावा, आलेख काढावा, उंचवटे कापावेत, खड्डे भरावेत. रेघ सरळ झाली की पाच-सात हजारांची जोडी लाखाच्या जोडीसारखी वाजते. दुसरं नेमकं उलट: इक्वलायझर म्हणजे आवाजात भेसळ, त्याला हात लावू नये. या दुसऱ्या मताचे बरेच जण पहिल्याकडूनच तिकडे गेलेले असतात. त्यांनी रेघ सरळ करून पाहिलेली असते आणि आवाज खरोखरच बिघडलेला असतो. पण दोष इक्वलायझरचा नसतो, बहुतेकदा स्पीकरचाही नसतो. बसायच्या जागी माइक ठेवून काढलेली रेघ एकट्या स्पीकरची नसतेच. ती स्पीकर आणि खोली यांची सामाईक असते, आणि तिच्यातलं कुठलं वाकडेपण कोणाचं हे ठरवण्याआधी केलेली दुरुस्ती म्हणजे अंधारात मारलेला हातोडा.

खोलीचा हिशेब अवघड नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे १०० हर्ट्झच्या एका तरंगाची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर, तर १०,००० हर्ट्झची जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधली १० बाय १२ ची बेडरूम घ्या. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अर्धा तरंग जिथे बरोबर बसतो तिथे खोली घुमते: १२ फुटांच्या अंतरात ४७ हर्ट्झला, १० फुटांच्या अंतरात ५६ हर्ट्झला. छतही १० फुटांवर असेल तर ५६ ला दोन घुमारे एकत्र येतात. दुपटीला, म्हणजे ९४ आणि ११२ हर्ट्झला, हाच प्रकार पुन्हा होतो. डग्ग्याची एक घुमक अंगावर येते आणि दुसरी कुठे गेली कळत नाही, ती यामुळे. एवढ्या खोलीत साधारण २०० ते ३०० हर्ट्झपर्यंत हे भिंतींचं राज्य चालतं. तिथे लाखाची जोडी आणून ठेवली तरी हे चढउतार जवळपास तसेच राहतात. त्याच्या वर मात्र काय ऐकू येईल हे मुख्यतः स्पीकरच ठरवतो.

मग स्पीकरची रेघ वेगळी कशी काढायची? प्रयोगशाळेतली पद्धत २०१३ सालच्या अमेरिकी मानकात दिली आहे: स्पीकर आडवा आणि उभा दर १० अंशांनी फिरवून एकूण ७० मापं घ्यायची, कारण श्रोत्याला समोरून येणारा आवाज ऐकू येतो तसा भिंतींवर आपटून येणाराही. घरी एवढं जमत नाही, पण जमतं ते उपयोगी असतं. स्पीकर १.२ मीटर उंचीवर, माइक तितक्याच उंचीवर एक मीटर समोर, बाकी भिंती दूर. फरशीवरून परतणारा आवाज सरळ येणाऱ्यापेक्षा सुमारे ४.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. रूम ईक्यू विझार्डसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये त्याच्या आधीच माप कापता येतं. उरतो तो निव्वळ स्पीकर. मात्र एवढ्या तुकड्यात सुमारे २१५ हर्ट्झच्या खालची माहितीच नसते. तिथे रेघ छान गुळगुळीत दिसते आणि लोक स्पीकरच्या बासचं कौतुक करू लागतात, हा गैरसमज फार पसरलेला आहे. बाससाठी ध्वनिअभियंते डॉन कील यांनी १९७४ मध्ये मांडलेली युक्ती वापरावी: माइक वूफरच्या कोनाला जवळजवळ टेकवायचा, म्हणजे थेट आवाजापुढे खोली नगण्य ठरते. खोक्याला पोर्ट असेल तर त्याचं माप वेगळं घ्यायचं. माइक कॅलिब्रेशन फाइलसह मिळणारा असावा. मोबाइलच्या माइकवर विसंबून ट्रेबल दुरुस्त करायला जाऊ नये.

आता इक्वलायझरचा प्रश्न. ट्वीटरच्या पट्ट्यातला उंचवटा समोरून आणि बाजूंनीही सारखाच दिसत असेल तर तो स्पीकरच्या अंगचा आहे, आणि तेवढाच उलटा फिल्टर लावून तो खरोखर जातो. खोलीचा घुमाराही बसायच्या जागेपुरता कापता येतो. खड्ड्यांची गोष्ट वेगळी. स्पीकरचा पुढचा भाग मागच्या भिंतीपासून ८५ सेंटिमीटरवर असेल तर मागे जाऊन परतलेला आवाज १०० हर्ट्झच्या आसपास थेट आवाजाला खोडतो. तिथे ६ डेसिबल वाढवले की अँप्लिफायरला चौपट ताकद लावावी लागते, पण थेट आवाज आणि त्याला खोडणारा आवाज दोन्ही सारखेच वाढतात. खड्डा असतो तसाच राहतो. इलाज एकच, स्पीकर सरकवणं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. ५ इंची वूफरकडून ३५ हर्ट्झ मागणंही तसंच. तेवढाच आवाज निम्म्या वारंवारतेला काढायचा तर कोनाला चौपट हलावं लागतं, आणि पोर्टच्या खोक्यात ठरावीक वारंवारतेखाली त्याला आवरणारी हवाच उरत नाही. वूफर ज्या पट्ट्यात अरुंद झोत टाकतो आणि ट्वीटर रुंद, तिथली विसंगतीही इक्वलायझरला मिटवता येत नाही. समोरची रेघ सरळ केली की बाजूची बिघडते.

यातूनच पहिल्या मताची कोंडी उलगडते. समोरून सरळ असलेला चांगला स्पीकर साध्या खोलीत ठेवला की बसायच्या जागी त्याची रेघ बासकडून ट्रेबलकडे हळूहळू उतरते, कारण वरचे स्वर कमी पसरतात आणि पडदे-गाद्यांत जास्त शोषले जातात. ती उतरण बिघाड समजून सपाट केली की ट्रेबल टोचायला लागतो. आपोआप दुरुस्तीची सोय असेल तर तिला ३०० हर्ट्झच्या वर जाऊ देऊ नये. तिथलं काम फक्त स्पीकरच्या वेगळ्या मापावरून करावं.

भेसळीचा आक्षेप फार टिकत नाही. वूफर आणि ट्वीटरमध्ये स्वर वाटून देणारा खोक्यातला क्रॉसओव्हर हाही फिल्टरच असतो. फरक एवढाच, की स्वस्त जोडीत तो कधीकधी एका कपॅसिटरवर भागवलेला असतो. रेकॉर्डिंगही स्टुडिओत इक्वलायझरमधून गेलेलं असतं. ‘कान सांगतील ते खरं, माइक काय सांगणार’ या आक्षेपात जास्त दम आहे, पण तो ज्यांनी गंभीरपणे घेतला त्यांचे निष्कर्ष माइकच्या बाजूने गेले. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर एकदा दिसतील असे आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले. डोळ्यांसमोर असताना आकार आणि किंमत यांनी गुण बदलले. २००४ मध्ये ऑलिव्ह यांनी ७० स्पीकरांच्या मापांवरून पसंतीचं भाकीत करणारं सूत्र मांडलं; प्रत्यक्ष पसंतीशी त्याचा सहसंबंध ०.८६ भरला. बास किती हवा यात आवडी वेगळ्या असतात, तेवढी मोकळीक माणसाला द्यावीच. स्वस्त म्हणजे वाईट, हेही अपुरंच. पायोनियरच्या एसपी-बीएस२२ या ४ इंची वूफरच्या जोडीची अमेरिकेतली किंमत सुमारे १३० डॉलर होती आणि तिची रचना टॅड या कंपनीचे अतिमहाग स्पीकर घडवणाऱ्या अँड्र्यू जोन्स यांनी केली होती.

शेवटी पडताळणी कानानेच करायची, पण कानाला फसायची जागा न ठेवता. जे फिल्टर वाढवतात त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या वाढीएवढी एकूण पातळी आधी खाली आणावी, नाहीतर डिजिटल सिग्नल छाटला जातो. मग फिल्टर चालू-बंद करताना दोन्हींचा मोठेपणा सारखा ठेवावा, कारण एक-दीड डेसिबल मोठं वाजणारं नेहमीच ‘जास्त मोकळं’ वाटतं. चालू कधी आणि बंद कधी ते दुसऱ्याला ठरवू द्यावं. न बघता फरक ओळखता येत नसेल तर तो फिल्टर काढून टाकावा.