गालिचे न खाणारे ‘गालिचा पतंग’

‘गालिचा पतंग’ म्हटले की लोकरी गालिच्यांना भोके पाडणारी कीड डोळ्यांपुढे येते. अशी कीड आहेही. मात्र, याच नावाने ओळखला जाणारा कितीतरी मोठा गट रानावनात राहतो आणि गालिच्याशी त्याचे नाते केवळ नक्षीपुरते आहे.

घरातील कीड म्हणजे ‘ट्रायकोफेगा टॅपेटझेला’. लिनियसने १७५८ मध्ये तिचे नामकरण केले. ‘टिनेइडी’ कुलातील या पतंगाच्या अळ्या लोकर, केस व पिसे यांतील केराटिन हे प्रथिन पचवू शकतात. नुकसान करते ती अळी; प्रौढ पतंग लोकर खात नाही.

रानातील गालिचा पतंग ‘जिओमेट्रिडी’ कुलातील आहेत. ‘भूमी मोजणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून कुलाला हे नाव मिळाले. शेतकऱ्यांच्या परिचयाच्या उंटअळीप्रमाणे यांच्या अळ्या पाठीची कमान करीत, जणू वाट मोजत चालतात. या कुलात सुमारे २४ हजार जाती असून, त्यांपैकी सहा हजारांहून अधिक ‘लॅरेन्शिइनी’ उपकुलात मोडतात. गालिचा ही चैनीची वस्तू असलेल्या काळात इंग्लंडमधील निसर्गअभ्यासकांनी पंखांवरील नाजूक नागमोडी पट्टे पाहून यांतील अनेक जातींना गालिच्याचे नाव दिले.

पूर्वी पंखांतील शिरा व जननेंद्रियांची रचना यांवरून वर्गीकरण होत असे. आता त्याला डीएनए तपासणीची जोड मिळाली आहे. याच उपकुलातील ‘युपिथेशिया’ या एकाच वंशात १,४०० हून अधिक जाती आहेत. बहुतेक जातींच्या अळ्या पाने, फुले किंवा बिया खातात. हवाई बेटांवरील काही जातींच्या अळ्या मात्र दबा धरून माश्या पकडतात.

कीटकांची विविधता सहसा उष्ण प्रदेशांत अधिक आढळते. हे उपकुल मात्र थंड हवेत आणि उंच पर्वतांवर विशेष बहरते. त्यामुळेच तापमानवाढ त्याच्यासाठी चिंतेची ठरते. बोर्निओतील किनाबालू पर्वतावर १९६५ मध्ये झालेली पाहणी २००७ मध्ये पुन्हा करण्यात आली. तेव्हा जिओमेट्रिडी कुलातील १०२ जाती सरासरी ६७ मीटर वर सरकल्याचे दिसून आले. शिखराजवळच्या जातींना त्याहून वर जाण्यास जागाच उरत नाही.

कपडे खाणारे पतंग सहसा अंधारात दडून राहतात. दिव्यावर आलेला नक्षीदार पतंग बहुधा रानातला असतो. त्याच्यावर कीटकनाशक फवारल्याने गालिचा वाचत नाही. मरतो तो केवळ निरुपद्रवी जीव.