गाडीची खळ, गाडीची कल्हई

नवी गाडी दारात आली की पहिली हाक आपल्यालाच येते. "अगं, ओवाळायचं ताट आण!" मग बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. एवढं झालं की गाडी पुन्हा पुरुषांची! तिचं सर्व्हिसिंग, तिचं पॉलिश, त्यातलं आपल्याला काय कळतं, असं तेही म्हणतात आणि आपणही मान डोलावतो. पण मैत्रिणींनो, गाडीचा हप्ता जातो तो घरखर्चातूनच ना? मग त्या चकाकीचा हिशोबही आपल्याला कळायला हवा.

कारण गाडी ताब्यात घेताना एक कागद हमखास पुढे येतो. पेंट सीलंट, टेफ्लॉन कोटिंग, सिरॅमिक कोटिंग! आकडा काही हजारांपासून सुरू होतो आणि वर कुठपर्यंत जाईल सांगता येत नाही. आनंदाच्या भरात सही होऊन जाते. त्या सहीआधी दोन गोष्टी समजून घेऊ. मी त्यांना आपल्या घरातली नावं दिली आहेत. एक खळ आणि दुसरी कल्हई.

आधी गाडीचा रंग म्हणजे काय ते पाहू. पत्र्यावर गंज न चढू देणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. झळाळी असते ती या वरच्या थराची. आणि तो असतो किती जाड? साधारण 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही पातळ! हा थर आरशासारखा सपाट असला की उजेड सरळ परत येतो आणि गाडी चमकते. त्यावर बारीक ओरखडे पडले की उजेड इकडेतिकडे विखुरतो आणि गाडी म्हातारी दिसायला लागते. उन्हात गाडीकडे तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतील. त्या कोणी मुद्दाम पाडत नाही. रोज सकाळी कोरड्या फडक्याने प्रेमाने गाडी पुसली जाते ना, त्यातून त्या पडतात. आपल्याकडची धूळ म्हणजे बारीक पॉलिश पेपरच. ती कोरडी चोळायची नाही, हा पहिला धडा.

आता खळ. सुती साडीला खळ दिली की साडी कशी कडक, नवी दिसते! पण पुढच्या धुण्यात खळ निघून जाते आणि साडी होती तशी. गाडीचं ग्लेझ हे असंच असतं. त्यात तेलं आणि अगदी बारीक भरणी असते. ती त्या रेघांमध्ये जाऊन बसते, रेघा झाकल्या जातात, रंग ओला असल्यासारखा गडद दिसतो. लग्नकार्याला किंवा गाडी दाखवायची असेल तेव्हा छान. पण काही धुण्यांतच ते उतरतं. ग्लेझने ओरखडा जात नाही, फक्त लपतो.

आणि कल्हई. पितळेच्या पातेल्याला कल्हई करतो ती काही नुसती दिसण्यासाठी नाही. आंबट पदार्थ कळकू नये म्हणून करतो. सीलंटचं काम हेच. हा कृत्रिम पॉलिमरचा पातळ थर असतो. ऊन, पाणी, पक्ष्यांची घाण आणि आपला रंग यांच्यामध्ये तो उभा राहतो. चांगला लावला तर चार-सहा महिने टिकतो. मेण, म्हणजे वॅक्स, हेही तेच काम करतं. ब्राझीलमधल्या कार्नौबा नावाच्या ताडाच्या पानांवरचं मेण त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याला झळाळी सुंदर येते, पण आपल्या उन्हात ते सीलंटच्या मानाने लवकर संपतं.

टेफ्लॉनबद्दलही बोलायला हवं, कारण ते नाव आपल्या तव्यामुळे ओळखीचं. टेफ्लॉनचा शोध 1938 सालचा. ते सुमारे 327 अंशांवर वितळतं आणि तव्यावर पक्कं बसवायला भट्टीत त्याहून जास्त तापवावं लागतं. गाडी काही कुणी भट्टीत घालत नाही! तेव्हा टेफ्लॉन कोटिंग या नावाखाली तव्यासारखा थर गाडीवर बसत नाही. तिथे मिळतं ते बहुतेक एक सीलंटच. सिरॅमिक मात्र वेगळं आहे. ते जास्त घट्ट बसतं, जास्त टिकतं. पण उडालेल्या खड्याचा घाव ते अडवत नाही आणि धुणं काही चुकत नाही. म्हणून सहीआधी विचारा, "हे नक्की काय आहे, किती महिने टिकेल आणि लेखी देता का?"

आपल्या जळगाव-पिंप्राळ्याचं हवामान या सगळ्याला फारच कडक. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, उन्हातल्या बॉनेटला हात लावता येत नाही. अशा तापलेल्या रंगावर पक्ष्याची विष्ठा पडली की रंग आधी उष्णतेने मऊ होऊन फुगतो आणि संध्याकाळी गार होताना तिच्याभोवती आवळला जातो. तो डाग कायमचा. म्हणून दिसली की ओला फडका दोन मिनिटं वर ठेवायचा, भिजली की अलगद उचलायची. तसंच बोअरच्या पाण्याचं. गीझरमध्ये जो पांढरा क्षार साचतो तोच गाडीवर ठिपके पाडतो. म्हणून उन्हात गाडी धुवायची नाही आणि पाणी अंगावर वाळू द्यायचं नाही. आणि हो, पूजेचं स्वस्तिक! कुंकवाचा रंग तासन्‌तास उन्हात ठेवला तर डाग राहू शकतो. पूजा झाली की त्याच दिवशी हलकेच पुसा, देव रागावणार नाही.

आता कृती. सकाळी लवकर, सावलीत, पत्रा गार असताना.

दोन बादल्या घ्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. आधी पाणी ओतून धूळ वाहू द्या. मग मऊ कापड शाम्पूत बुडवून वरून खाली धुवा आणि दरवेळी साध्या पाण्यात खळबळा. चाकांचं कापड वेगळं. भांड्यांची पावडर, कपड्यांचा साबण नको, त्याने असलेलं सीलंटही उतरतं. मायक्रोफायबरच्या कापडाने टिपून घ्या, रगडू नका.

हाताला प्लास्टिकची पिशवी घालून रंगावरून फिरवा. खरखर लागली तर मळ चिकटून बसलाय. त्यासाठी क्ले बार नावाची कणकेसारखी वडी मिळते. ती ओल्या पत्र्यावर हलक्या हाताने फिरवायची. जमिनीवर पडली तर ती वडी टाकून द्यायची, पुन्हा वापरायची नाही.

नंतर सीलंट. स्पंजावर थोडंसं घ्या, एका वेळी एकच दार किंवा बॉनेट. थर जितका पातळ तितका चांगला, जाड लावून फक्त बाटली संपते. बाटलीवर सांगितलेल्या वेळाने धुरकट दिसलं की स्वच्छ कापडाने पुसा. काळ्या प्लास्टिकला लागू देऊ नका, पांढरे डाग पडतात. नंतर काही तास पाणी लागू द्यायचं नाही.

ग्लेझ हवंच असेल तर? ते तेलकट असल्यामुळे त्यावर काही सीलंट नीट धरत नाहीत. तेव्हा बाटलीवरची सूचना वाचा. शंका असेल तर आधी सीलंट, ते पक्कं झालं की वर ग्लेझ आणि शेवटी मेण. आणि गाडीचा एखादा भाग नव्याने रंगवला असेल तर काही आठवडे थांबा. किती, ते रंगाऱ्यालाच विचारा.

घरगुती उपायांचं म्हणाल तर टूथपेस्टने रेघ जाते असं सांगतात. ती घासून घासून जाते, म्हणजे तो पातळ थर आणखी झिजतो. रॉकेलचा हात मारला की तासभर चमक येते, पण रबर खराब होतं. खोबरेल तेलावर धूळ बसते. आणि पापुद्रे निघू लागलेल्या रंगाला कोणतीच बाटली पुरत नाही. तिथे नवा रंगच.

एका मैत्रिणीच्या घरी भाड्याने चालणारी पांढरी गाडी होती. इंजिन उत्तम, कागदपत्रं चोख. विकायला काढली तेव्हा गिऱ्हाईकाने टपावरचा विटलेला रंग दाखवून चांगलेच पैसे तोडले. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी धरलेली ती रक्कम होती. चकाकी म्हणजे नुसता मिरवण्याचा सोस नाही, ती अशी रोख पैशात मोजली जाते.

म्हणूनच बचत गटातल्या बायकांना मी म्हणते, पापड-कुरडयांच्या जोडीला हे काम का नको? भांडवल थोडं, यंत्र नाही. लागतो तो हलका हात, स्वच्छ कापड आणि कंटाळा न येणारा स्वभाव. यातलं आपल्याकडे काय कमी आहे?

वर्षातून दोनदा पुरे. उन्हाळ्याआधी पाडव्याला आणि पावसानंतर दसऱ्याला. मधे आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघतो, तोवर पाऊस आलेला असतो. तेव्हा गाडीवरचे थेंब बघा. अळूच्या पानावरच्यासारखे गोल होऊन घरंगळत असतील तर कल्हई शाबूत आहे. पसरून बसत असतील तर समजा, पुन्हा बादल्या काढायची वेळ झाली!