उसनी वजने

वाणी माल तोलतो तेव्हा आपले लक्ष मालाकडे असते. वजनांकडे कोण पाहतो? पण वजनेच रोज बदलू लागली तर? संगणकावरील प्रोग्रॅमच्या आपोआप होणाऱ्या चाचण्यांचे तसेच आहे.

आज कोणीही सगळा प्रोग्रॅम स्वतः लिहीत नाही. पुष्कळशी कामे इतरांनी लिहिलेल्या तयार लायब्ररींकडून करून घेतात, आणि त्या लायब्ररी आणखी तिसऱ्याच लायब्ररींवर विसंबून असतात.

२२ मार्च २०१६ रोजी काय झाले पाहा. ‘लेफ्ट-पॅड’ ही अवघ्या ११ ओळींची लायब्ररी तिच्या कर्त्याने ‘एनपीएम’ या सार्वजनिक कोठारातून काढून घेतली. तिचे काम ते काय? शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणे! पण ‘बॅबेल’सारखा मोठा प्रकल्प तिच्यावर टेकलेला. ठिकठिकाणचे काम अडले, आणि तेही स्वतःची काही चूक नसताना! सुमारे दोन तासांनी ती परत ठेवली, तेव्हा गाडे सुरू झाले.

मग करावे काय? कोणत्या लायब्ररीची नेमकी कोणती आवृत्ती वापरली, हे लॉक फाइलमध्ये नोंदवा. ती फाइल प्रोग्रॅमसोबतच जपा. पण नुसत्या यादीने भागत नाही. यादीतली वस्तूच नाहीशी झाली तर? म्हणून तिची प्रत आपल्या घरच्या कोठारातही ठेवा. नवी आवृत्ती घ्यावी लागतेच, कारण जुनीत सुरक्षिततेच्या उणिवा राहतात. मात्र एका वेळी एकच घ्या, आणि लगेच सर्व चाचण्या चालवा. म्हणजे चाचणी फसली तर दोष कुठला, हे चटकन कळेल.

वजने पक्की असतील, तरच तोल खरा!