लिहिण्याची घाई, बोलण्याची ढिलाई

नागपुरात मूल तीन वर्षांचं झालं की घरात प्रश्न सुरू होतात. नर्सरी कुठली, एबीसीडी येते का, वन टू हंड्रेड झालं का. शेजारच्यांचा तर केजी वनला जायच्या आधीच नाव लिहितो म्हणे. ‘बोलतो किती?’ असं मात्र फारसं कुणी विचारत नाही. जिथे थांबायला हवं तिथे आपण घाई करतो आणि जिथे घाई हवी तिथे ‘येईल हो हळूहळू’ म्हणून बसून राहतो.

त्यातलं हे बसून राहणं आधी पाहू, कारण नुकसान त्याचं जास्त. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे बाबाही चार वर्षांचे होईपर्यंत गप्पच होते’. मुलगे सरासरीने थोडे मागे असतात हे खरं आहे, पण तो फरक महिन्या-दोन महिन्यांचा, वर्षांचा नव्हे. दोन वर्षांचं मूल साधारणपणे दोन शब्द जोडतं: ‘आई, पाणी’, ‘बाबा गेले’. तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं बाहेरच्या माणसालाही बरंचसं कळायला हवं. तसं नसेल तर वेखंड उगाळून चाटवण्यात महिने घालवू नयेत. पहिली तपासणी कानांची.

इथे घरच्यांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘ऐकतो की! टीव्ही लावला की धावत येतो.’ पण सतत सर्दी होणाऱ्या मुलाच्या मधल्या कानात पाणी साठू शकतं. मग त्याला हाक ऐकू येते, टीव्ही ऐकू येतो, पण ‘स’, ‘श’, ‘त’ असे हलके आवाज निसटतात, आणि जे नीट ऐकूच आलं नाही ते मूल बोलणार कसं? मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात दाखवायला शाळेच्या पत्राची गरज नसते. मूल लहान आहे, सांगू शकत नाही, म्हणून तपासणी होत नाही हाही गैरसमजच. बेरासारखी ऐकण्याची चाचणी तर मूल झोपलेलं असतानाच करतात.

मुलांची तपासणी अंगणवाडीतही होते, पण ‘अंगणवाडी म्हणजे खिचडी’ हा शहरी मध्यमवर्गाचा आवडता समज. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पोषणाइतकंच पूर्वप्राथमिक शिक्षण आणि आरोग्य तपासणीही येते. त्याच्या जोडीला फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब हे चारही पाहायचे, आणि गरज असेल त्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं, अशी योजना आहे. गंमत अशी की भरमसाट फी घेणाऱ्या प्ले स्कूलमधलं मूल या चाळणीतून सुटतं, कारण पथकाच्या यादीत ती प्ले स्कूल नसतेच.

आता भाषांचा गोंधळ. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, ‘म्हणून बिचारा गोंधळला’ असं म्हणतात. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि नंतरच्या मध्य प्रदेशची राजधानी होतं. त्यामुळे मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत वाढणं ही इथली पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. ‘मॅडमने मेरेको चॉकलेट दिलं’ हे वाक्य आजाराचं लक्षण नाही. अनेक भाषा ऐकल्याने बोलणं उशिरा येत नाही. मुलाचे शब्द मोजायचे तर तिन्ही भाषांतले मिळून मोजायचे, एवढंच. काही शाळा पालकांना ‘घरी इंग्रजीतच बोला’ सांगतात, तो सल्ला सरळ कानाआड करावा. ओढूनताणून बोललेल्या इंग्रजीत ‘कम’, ‘सिट’, ‘डोन्ट टच’ एवढे हुकूमच उरतात. आजीच्या घरचा बैल कसा सुटला, ही गोष्ट त्यात सांगता येत नाही, आणि मुलाची भाषा वाढते ती अशा गोष्टींवर.

मोबाईलवरच्या बडबडगीतांनी भाषा येते हा समजही त्याच पठडीतला. व्हिडिओ मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितला आहे, तोही कमी झाला तर बरं.

राहिली लिहिण्याची घाई. रेघोट्या गिरवून घेतल्या की हात लवकर ‘बसतो’, असं मानतात. पण बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांचं काम बघा. त्यांनी दादरला शिशुविहार आणि १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. त्यांच्या शाळांत पाटीआधी माती, पाणी, मणी आणि गाणी असत. केंद्राचा २०२२ चा पायाभूत स्तराचा आराखडाही तीन ते आठ वर्षांसाठी खेळातून शिकण्याचाच आग्रह धरतो.

थंडीत सोलेभातासाठी ओल्या तुरीच्या शेंगा घरी आल्या की चार वर्षांच्या मुलापुढे मूठभर ठेवून बघा. आधी ते शेंग दोन्ही मुठींत धरून पिळतो, दाणे चेंगरतात. मग केव्हातरी अंगठ्याचं नख शिवणीत शिरतं, शेंग उघडते आणि दाणा चिमटीत येतो. पेन्सिल धरायला लागते ती चिमूट हीच. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, लाकडी नंदी ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला जाणारं मूलही तसंच शिकतं: वळणावर चाक सांभाळणं, रांगेत थांबणं, अनोळखी काकूंसमोर तोंड उघडणं. त्याचा गृहपाठ कुणी तपासत नाही, हे बरंच आहे.

शेवटचा गैरसमज शाळेबद्दलचा: ‘टीचरला सांगितलं तर मुलावर शिक्का बसेल.’ टीचर किंवा अंगणवाडी सेविका एकाच वयाची वीस मुलं शेजारी-शेजारी पाहते. घरच्यांना न दिसलेलं तिला दिसतं. तिला मार्कांऐवजी हे विचारा: मागून नाव घेतलं तर वळतो का, ‘डबा काढ आणि चटईवर बस’ अशा दोन सूचना एकदम पाळतो का, कुणाबरोबर खेळतो की एकटाच चाकं फिरवत बसतो. उत्तरं खटकली तर महिन्याभराने पुन्हा विचारा आणि दरम्यान बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मात्र आधी बोलत असलेलं मूल शब्द विसरायला लागलं, तर महिना थांबू नका. ते कुठल्याही वयात घडो, त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.