तंतू, प्रकाश आणि छायाचित्र : जयपूरच्या वस्त्रपरंपरेच्या संदर्भात

भारतीय वस्त्रकलेच्या अभ्यासात छायाचित्राला आज पुराव्याचे स्थान प्राप्त झाले आहे. संग्रहालयाची सूची असो, प्रदर्शनाची पुस्तिका असो की एखादा संशोधनपर प्रबंध असो, मूळ वस्त्र वाचकासमोर येते ते छायाचित्राच्या रूपाने. मात्र हे छायाचित्र बहुतेक वेळा नक्षीचे असते. ज्या तंतूंच्या आधाराने ती नक्षी उभी राहिली त्यांचे नसते. नक्षीचे छायाचित्र वस्तू कशी दिसते ते सांगते, तर तंतूचे छायाचित्र ती कशी घडली ते सांगते. हा भेद वरवर पाहता तांत्रिक वाटला, तरी कारागिराचे ज्ञान आणि त्याची उपजीविका या दोहोंशी त्याचा निकटचा संबंध आहे. प्रस्तुत लेखात जयपूर आणि त्याच्या परिसरातील काही उदाहरणांच्या आधारे या भेदाचा विचार करावयाचा आहे.

१. शब्दातील तंतू

'तंतू', 'तंत्र' आणि 'वितान' हे तिन्ही शब्द ताणणे, पसरणे या अर्थाच्या 'तन्' या धातूपासून आलेले आहेत. 'सूत्र' म्हणजे मूळचे सूत. 'ग्रंथ' या शब्दाच्या मुळाशी गुंफण्याची, गाठ मारण्याची क्रिया आहे. विचारांच्या मांडणीसाठी भाषेने सूतकताईची आणि विणकामाची परिभाषा उसनी घेतली, असे म्हणता येईल.

मराठीतील 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' ही म्हण आपण हटवादी माणसाला उद्देशून वापरतो. परंतु तिच्या मागे दोर वळणाऱ्याचे अचूक निरीक्षण आहे. द्रव्य जळून गेले तरी ते ज्या दिशेने वळले गेले ती दिशा राखेतही दिसत राहते. वस्त्रांचे अभ्यासक आज नेमकी हीच गोष्ट शोधतात. धागा उभा धरला असता त्याच्या पिळाच्या रेषा रोमन लिपीतील 'एस' या अक्षराच्या मधल्या रेषेप्रमाणे कलतात, की 'झेड' या अक्षराच्या मधल्या रेषेप्रमाणे, हे ते पाहतात. पिळाची ही दिशा कातणाऱ्याच्या साधनावर आणि परंपरेवर अवलंबून असते. नक्षीची नक्कल करणारा सहसा पिळाचा विचार करीत नाही. म्हणूनच पीळ हा महत्त्वाचा साक्षीदार ठरतो.

२. निसर्गातील तंतू आणि प्रकाशाची दिशा

जयपूरच्या आसपासच्या वालुकामय जमिनीत आणि नदीनाल्यांच्या काठी मुंज नावाचे उंच गवत वाढते. त्याच्या पानांच्या आवरणातील चिवट तंतू काढून दोर वळतात, खाटा विणतात, मुढे बांधतात. मराठी वाचकाला या गवताचे दर्शन क्वचित घडले असेल, पण त्याचे नाव त्याच्या घरात आहे. उपनयनात बटूच्या कमरेला बांधावयाची मेखला या गवताची, म्हणून ती 'मौंजी'. आणि त्यावरून त्या संस्कारालाच आपण 'मुंज' म्हणू लागलो. दुसरे उदाहरण रुईचे. हिंदीत 'रूई' म्हणजे कापूस, तर मराठीत 'रुई' म्हणजे राजस्थानात ज्याला 'आक' म्हणतात ते झाड. त्याचे फळ उकलले की रेशमी तंतूंचा झुबका असलेले बी वाऱ्यावर तरंगू लागते. आपली मुले त्याला 'म्हातारी' म्हणतात.

ही म्हातारी छायाचित्रात पकडावयाची झाल्यास प्रकाश कोठून येतो हे निर्णायक ठरते. कापसाचा वा रुईचा एकेक तंतू स्वतः पांढरा नसतो. तो जवळजवळ रंगहीन आणि पारदर्शक असतो. असंख्य तंतूंच्या पृष्ठभागांवरून प्रकाश सर्व दिशांना विखुरला जातो, म्हणून त्यांचा पुंजका पांढरा दिसतो. समोरून प्रकाश टाकल्यास छायाचित्रात केवळ एक पांढरा डाग उमटतो. प्रकाश मागून आला आणि पार्श्वभूमी काळोखी असली, तर प्रत्येक तंतूची कड उजळते आणि तंतू मोजता येतो. जयपुरी रजईसाठी कापूस पिंजला जात असताना दाराच्या उन्हात उडणारे तंतू आतल्या माणसाला जसे दिसतात, तसेच हे दृश्य असते. विणलेल्या कापडासाठी मात्र तिसरी दिशा लागते. पृष्ठभागाला जवळजवळ समांतर असा तिरपा प्रकाश बाजूने टाकल्यास ताण्याबाण्याचे चढउतार सावल्यांनी उठून दिसतात.

याहून सूक्ष्म पातळीवर गेल्यास तंतूची जात ओळखता येते. कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली चपट्या, मधूनमधून पिळलेल्या फितीसारखा दिसतो. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. रेशमाचा छेद साधारण त्रिकोणी असतो आणि त्याच्या चकाकीत या आकाराचा मोठा वाटा आहे.

३. तंतूपासून बनलेले छायाचित्र

जयपूरचा छायाचित्रणाशी असलेला संबंध जुना आहे. १८३५ ते १८८० या काळात गादीवर असलेले सवाई रामसिंह (दुसरे) हे स्वतः छायाचित्रकार होते. त्यांनी स्वतःची, दरबारातील व्यक्तींची आणि जनान्यातील स्त्रियांचीही छायाचित्रे घेतली. त्यांच्या काचेच्या ऋणप्रतींचा मोठा संग्रह जयपूरच्या राजवाड्यातील संग्रहालयात जतन केलेला आहे.

त्यांच्या काळात प्रचलित असलेली ओल्या कोलोडियनची पद्धत फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केली होती. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया करून तो ईथर व अल्कोहोल यांच्या मिश्रणात विरघळवला की कोलोडियन हा चिकट द्रव तयार होतो. तो काचेवर पसरून, रजतक्षारांच्या योगाने प्रकाशसंवेदी करून, ओला असतानाच त्यावर छायाचित्र घ्यावे लागे. म्हणजे कापडाचे छायाचित्र ज्या पातळ थरावर उमटत होते, तो थरही मुळात कापसाचाच होता. पुढे आलेली सेल्युलॉइडची फिल्मही अशाच प्रक्रिया केलेल्या कापसापासून बनत असे.

या पद्धतीची एक मर्यादा वस्त्रांच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवली पाहिजे. कोलोडियनची काच निळ्या आणि जांभळ्या प्रकाशालाच विशेष प्रतिसाद देत असे. तांबडा रंग तिला जवळजवळ अदृश्य होता. त्यामुळे निळीत रंगवलेले कापड मुळापेक्षा फिकट आणि तांबडे कापड काळपट उमटे. बगरू आणि सांगानेर येथील छपाईत 'स्याही-बेगर' ही काळ्या-तांबड्या रंगांची जोडी महत्त्वाची आहे. लोखंड व गूळ आंबवून केलेला काळा आणि तुरटीच्या साह्याने पक्का केलेला तांबडा यांतील भेद अशा छायाचित्रात पुसट होतो. या काळातील छायाचित्रांवरून वस्त्राच्या रंगाविषयी अनुमान काढणे म्हणूनच धोक्याचे आहे. १८७३ मध्ये हेरमान फोगेल याने ही उणीव दूर करण्याचा मार्ग दाखवला, तो विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून. काचेला रंग 'दिसू' लागले ते रंगाच्याच साह्याने.

४. नक्षीची बाजू आणि गाठींची बाजू

वस्त्राच्या छायाचित्रात नक्षीला मिळालेले प्राधान्य छायाचित्रणाच्या जन्माइतके जुने आहे. हेन्री फॉक्स टॅलबट याने १८४४ ते १८४६ या काळात प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात लेसचे एक छायाचित्र दिले. ते ऋणप्रतीच्या स्वरूपात होते. केवळ आकृतिबंध दाखवावयाचा असल्याने त्याने बिघडत नाही, अशी त्याची भूमिका होती. नक्षी वस्तूपासून अलग काढता येते, हा विचार येथे स्पष्ट दिसतो.

जयपूरमध्ये १८८३ साली मोठे कलाप्रदर्शन भरले आणि १८८७ मध्ये अल्बर्ट हॉल हे संग्रहालय खुले झाले. या दोन्हींशी निगडित असलेले डॉक्टर थॉमस होल्बाइन हेंडली यांनी जयपूरच्या राजवाड्यांतील सोळाव्या-सतराव्या शतकांतील गालिच्यांच्या नक्षींचा ग्रंथ १९०५ मध्ये प्रसिद्ध केला. या कार्याचे मोल मोठे आहे. परंतु ग्रंथातील नक्षी सपाट आणि प्रमाणबद्ध असते. ती कोणत्याही सुतात, कोणत्याही मागावर उतरवता येते.

गालिचा उलटला म्हणजे वेगळेच वाचन सुरू होते. मागच्या बाजूला प्रत्येक गाठ सुटी दिसते. ठरावीक लांबीतील गाठी मोजता येतात, ताण्याचे सूत कापसाचे की रेशमाचे ते कळते, डागडुजी लपत नाही. जयपूरच्या संग्रहातील अनेक गालिच्यांच्या मागे दरबारी कोठाराच्या नोंदींच्या चिठ्ठ्या शिवलेल्या आढळल्या आणि त्यांमुळे या संग्रहाला कालनिश्चितीच्या दृष्टीने असाधारण महत्त्व आले. अल्बर्ट हॉलमधील प्रसिद्ध इराणी उद्यान-गालिचा १६३२ साली येथील दरबारात होता, हे अशाच नोंदीवरून कळते. केवळ दर्शनी बाजूचे छायाचित्र घेणाऱ्याच्या हाती हा इतिहास लागला नसता.

५. खऱ्या-खोट्याचा प्रश्न

हा मुद्दा आजच्या बाजारात अधिकच तीव्र झाला आहे. सांगानेरी आणि बगरू या दोन्ही ठशांच्या छपाईंना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तरीही ठशाने छापलेल्या कापडाचे एक स्वच्छ छायाचित्र हाती आले की तीच नक्षी स्क्रीनवर किंवा संगणकीय यंत्रावर छापून कितीतरी स्वस्तात विकता येते. कारागिराच्या कलेची कीर्ती पसरवणारे छायाचित्रच अशा वेळी त्याचे काम हिरावून घेण्याचे साधन बनते.

यावर तंतूचे छायाचित्र काही अंशी उतारा ठरू शकते. मुरलेला रंग तंतूच्या आत शिरतो. रंगीत लेप मात्र तंतूंच्या वर, चिकटद्रव्यासह बसलेला दिसतो. हाताने उमटवलेल्या ठशाच्या सांध्यावर केसभर अंतर किंवा किंचित चढ राहतो. बगरूच्या दाबू छपाईत चिखलाचा लेप तडकतो आणि त्या फटींतून शिरलेल्या रंगाच्या बारीक रेषा दोन ठिकाणी कधीच सारख्या नसतात. पैठणी घेताना जाणकार स्त्री पदर उलटून मागची बाजू पाहते, तीच दृष्टी येथे भिंगाला द्यावयाची आहे. अर्थात असे छायाचित्र सर्वस्वी निर्णायक नसते. ते प्रक्रियेची साक्ष देते. करणाऱ्याचे नाव सांगत नाही.

६. प्रकाश वाहणारा तंतू

तंतू आणि प्रतिमा यांचे नाते विसाव्या शतकात आणखी एका दिशेने वळले. नरिंदरसिंग कपानी आणि हॅरोल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते असे दाखवले. येथे अट एकच : जुडग्याच्या दोन्ही टोकांना तंतूंचा क्रम तोच असला पाहिजे. क्रम विस्कटला की प्रकाश पोहोचतो, पण चित्र पोहोचत नाही. गालिच्याचेही तसेच आहे. सूत आणि रंग सर्वत्र मिळतात. त्यांचा क्रम विणकराच्या हातात आणि स्मरणात असतो.

समारोप

वस्त्राच्या नोंदीत यापुढे किमान तीन छायाचित्रे असावीत, असे सुचवावेसे वाटते : दर्शनी बाजूचे, मागच्या बाजूचे, आणि मोजपट्टीसह तिरप्या प्रकाशात घेतलेले तंतूंचे. त्यांखाली कारागीर वापरतो तेच शब्द लिहावेत. 'स्याही', 'बेगर', 'दाबू' हे शब्द गेले तर छायाचित्रात दिसणारी रेघ कशाची, हे सांगणारे कोणी उरणार नाही. साधा मोबाइल आणि स्वस्त भिंग यांनी हे काम आज गावोगावी होऊ शकते आणि येवल्याच्या पैठणीपासून सोलापूरच्या चादरीपर्यंत मराठी मुलखातही त्याची तितकीच निकड आहे.