विषाणू तोच, निकाल वेगळा

हिपॅटायटिस सी झालेल्या काहींच्या शरीरातून विषाणू औषधाविना निघून जातो. बहुतेकांच्या यकृतात मात्र तो वर्षानुवर्षं ठाण मांडतो. असं का? २००९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांना धागा सापडला: १९व्या गुणसूत्रावर, आयएल२८बी जनुकाजवळ, डीएनएतलं एकच अक्षर. तिथे गुणसूत्राच्या दोन्ही प्रतींत ‘सी’ हे अक्षर असलेल्यांना इंटरफेरॉन या तेव्हाच्या औषधाचे उपचार सुमारे दुपटीने लागू पडत, आणि विषाणू आपोआप निघून जाण्याशीही हेच अक्षर जोडलेलं निघालं. २०१३ मध्ये डीएनएच्या त्याच भागात आयएफएनएल४ हे जनुक सापडलं आणि कोडं आणखी गहिरं झालं. त्याचं प्रथिन विषाणूविरोधी गटातलं. तरीही ज्यांच्यात ते बनतं, त्यांनाच विषाणू हटवणं जड जातं! मला हेच सर्वांत विलक्षण वाटतं. आता विषाणूवर थेट घाव घालणाऱ्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होऊ शकतात, मग हे अक्षर कुठलंही असो.